स्विंडनची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन : वर्गणीतून उभ्या राहिलेल्या एका वास्तूचे प्रकरण

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील स्विंडन शहरात, रेल्वे कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या सरळ रांगांच्या मधोमध, एम्लिन स्क्वेअर नावाचा चौक आहे. या चौकाचा मधला जवळपास सगळा भाग एकाच भव्य इमारतीने व्यापलेला आहे. ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन’ या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू १ मे १८५५ रोजी उघडली. वाचनालय, वर्तमानपत्रांचा वाचनकक्ष, व्याख्यानांचे सभागृह आणि नाट्यगृह हे सारे तिने एका छताखाली आणले, आणि पुढची १३१ वर्षे एका कामगार वस्तीचे सांस्कृतिक जीवन तिच्याभोवती उभे राहिले. १९८६ मध्ये ती बंद झाली. त्यानंतर तिचे दार लोकांसाठी पुन्हा उघडलेले नाही.

इंग्लंडच्या वारसा-सूचीत इमारतींच्या तीन श्रेणी असतात. त्यांतली मधली, म्हणजे दुसरी तारांकित श्रेणी या वास्तूला मिळालेली आहे आणि सूचीतल्या एकूण इमारतींपैकी जेमतेम सहा टक्के इमारती त्या श्रेणीत बसतात. तिचे महत्त्व कोणी नाकारत नाही. तिच्यासाठी झटणारे नागरिक आहेत, तिला संरक्षण देणारा कायदा आहे, आणि देशातल्या वारसा-संवर्धनाच्या काही प्रमुख संस्थांची कार्यालये तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरीही छतातून पाणी झिरपत राहिले, लाकूड कुजत गेले, खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या आणि आतल्या दालनांचा ताबा कबुतरांनी घेतला. एवढे सगळे अनुकूल असताना एखादी इमारत का ढासळते, हा या अभ्यासाचा विषय आहे. या वास्तूचे दुर्दैव अनास्थेतून आलेले नाही. ज्यांनी ती वापरली ते आणि ज्यांच्या नावावर ती होती ते, हे दोन पक्ष हळूहळू वेगळे होत गेले आणि त्यांची पूर्ण फारकत झाली त्या दिवशी तिला वाली उरला नाही, असे माझे मत आहे.

टेकडीवरचे बाजारगाव आणि खालचा कारखाना

रेल्वे येण्यापूर्वीचे स्विंडन हे टेकडीवर वसलेले लहानसे बाजारगाव होते. गोडार्ड हे तिथले जमीनदार घराणे. १६२६ मध्ये त्यांना राजाकडून आठवडी बाजार भरवण्याची सनद मिळाली आणि सोमवारचा बाजार हे गावाचे मुख्य वैशिष्ट्य ठरले. आसपासच्या शेतकऱ्यांचे धान्य आणि गुरे तिथे येत असत. लंडन ते ब्रिस्टल हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग मात्र टेकडीच्या पायथ्याशी, गावापासून अंतर राखून गेला.

त्या सपाटीवर रेल्वेचा मुख्य कारखाना उभारावा, असा प्रस्ताव १८४० मध्ये तरुण इंजिन-अधीक्षक डॅनियल गूच यांनी मुख्य अभियंता इझंबार्ड किंगडम ब्रुनेल यांच्यापुढे मांडला. लंडनकडचा मार्ग जवळजवळ समतल होता आणि ब्रिस्टलकडे जाताना चढउतार वाढत होते, त्यामुळे इंजिन बदलण्यासाठी ही जागा सोयीची होती. चेल्टनहॅमकडे जाणारा फाटा इथूनच फुटत होता. कोळसा आणण्यासाठी कालवाही जवळ होता. जानेवारी १८४३ मध्ये कारखाना सुरू झाला आणि कंपनीने कामगारांसाठी सुमारे ३०० घरांची वस्ती बांधली. रस्त्यांना ब्रिस्टल, बाथ, टॉन्टन, एक्सेटर, ऑक्सफर्ड, रेडिंग अशी आपल्याच मार्गावरच्या स्थानकांची नावे दिली.

या वस्तीत उत्तर इंग्लंडमधून, स्कॉटलंडमधून आणि पुढे वेल्समधून कुशल कारागीर येऊन राहिले. टेकडीवरच्या गावाशी त्यांचा ना नात्याचा संबंध होता, ना शेतीचा. भाजी, मांस आणि किराणा घ्यायला चढण चढून जुन्या गावात जावे लागे. संध्याकाळी जाण्यासारखी जागा म्हणजे दारूचा गुत्ता. दिवसभर लोखंडाशी झुंजणाऱ्या फिटर आणि लोहारांनी अशा परिस्थितीत पुस्तके गोळा करायला सुरुवात केली, ही गोष्ट मला या संपूर्ण इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. १८४३ च्या सुमारास मूठभर कामगारांनी आपसांत एक छोटे ग्रंथालय चालवले आणि १८४४ च्या आरंभी त्यातूनच मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन ही संस्था रीतसर स्थापन झाली.

अशा संस्थांची चळवळ त्या वेळी ब्रिटनभर पसरलेली होती. जॉर्ज बर्कबेक यांनी ग्लासगोतील कारागिरांसाठी विज्ञानाची विनामूल्य व्याख्याने सुरू केली, आणि त्या प्रेरणेतून १८२३ मध्ये लंडनमध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली. अनेक गावांत मात्र या संस्था गिरणीमालकांच्या आणि धर्मगुरूंच्या देणगीवर व देखरेखीवर चालत, आणि काही वर्षांत कामगारांऐवजी कारकून व दुकानदारांच्या होऊन जात. स्विंडनमध्ये तसे झाले नाही. गूच यांचा आणि कंपनीचा पाठिंबा सुरुवातीपासून होता, पण सभासद खरोखरच कारखान्यातले होते, आणि म्हणून तिथल्या कार्यक्रमांत यंत्रविद्येवरच्या व्याख्यानांबरोबर नाटके, गाण्याच्या मैफली आणि नृत्य यांनाही सहज स्थान मिळाले.

बाजार आणि संस्था, एकाच आराखड्यात

आरंभीची काही वर्षे संस्थेचे काम कारखान्यातल्याच जागेत चालत होते. सभासद वाढले तशी स्वतःच्या इमारतीची निकड भासू लागली. रेल्वे कंपनी त्या काळात आर्थिक ओढाताणीत होती आणि कामगारांच्या सभागृहासाठी पूर्ण खर्च उचलण्याची तिची तयारी नव्हती. त्यातून मार्ग काढण्यासाठी १८५३ मध्ये ‘न्यू स्विंडन इम्प्रूव्हमेंट कंपनी’ ही स्वतंत्र कंपनी काढण्यात आली. भाग विकून भांडवल उभे करायचे, रेल्वेच्या जमिनीवर बांधकाम करायचे आणि वस्तीला ज्या दोन गोष्टींची सर्वाधिक गरज आहे त्या दोन्ही एकाच वेळी द्यायच्या, असा तिचा हेतू होता. त्या दोन गोष्टी म्हणजे संस्थेची इमारत आणि बाजार.

एडवर्ड रॉबर्ट्स या वास्तुविशारदाने आराखडा तयार केला, मे १८५४ मध्ये पायाभरणी झाली आणि वर्षभरात संस्थेची इमारत पूर्णत्वास गेली. तिच्या दक्षिण बाजूला अष्टकोनी आकाराचा छत असलेला बाजार उभा राहिला. नव्या वस्तीतल्या घरच्या बायकांना आता भाजीपाल्यासाठी टेकडी चढण्याची गरज उरली नाही.

या मांडणीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पुढच्या सगळ्या घडामोडी समजून घेताना ती उपयोगी पडते. वाचनालय स्वतःचा खर्च कधीच भागवू शकत नाही, नाट्यगृह हंगामावर अवलंबून असते, पण बाजारातल्या गाळ्यांचे भाडे बाराही महिने येते. ज्यांनी ही कंपनी काढली त्यांनी रोजच्या व्यवहाराची जागा आणि ज्ञान-मनोरंजनाची जागा शेजारी शेजारी बांधली, त्यामुळे येणारी माणसे आणि येणारा पैसा दोन्ही एकमेकांना पूरक ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कामगार वस्तीत केलेली ही आखणी आजच्या कोणत्याही वारसा-प्रकल्पाच्या अहवालात शोभावी इतकी शहाणपणाची आहे.

१८९१ च्या सुमारास हा अष्टकोनी बाजार पाडण्यात आला. सभासदसंख्या इतकी वाढली होती की जुनी दालने अपुरी पडत होती, आणि विस्तारासाठी तीच जागा उपलब्ध होती. ब्राइटवेन बिनियन या वास्तुविशारदाने दक्षिणेकडचा नवा भाग रचला. बाजार पुढे कमर्शियल रोडवर गेला. वाढीची गरज खरी होती आणि त्या काळी हा निर्णय योग्यच वाटला असणार, पण इमारत दुप्पट मोठी झाली तेव्हाच शेजारी असलेले स्वतंत्र उत्पन्नाचे साधन गेले आणि तिचा भार पूर्णपणे सभासदांच्या वर्गणीवर व रेल्वे कंपनीच्या मर्जीवर येऊन पडला.

संस्थेने शहराला काय दिले

संस्थेचे ग्रंथालय इतके समृद्ध आणि इतके सवयीचे झाले होते की स्विंडनच्या नगरपालिकेने स्वतःचे सार्वजनिक ग्रंथालय १९४३ पर्यंत काढलेच नाही. तुलनेने लहान असलेल्या अनेक इंग्रज गावांत नगरपालिकेची ग्रंथालये त्याआधी कित्येक दशके होती. संध्याकाळच्या वर्गांत गणित, यांत्रिक रेखाटन आणि रसायन शिकवले जाई. हे वर्ग पुढे एवढे वाढले की १८९० च्या दशकाच्या मध्यास व्हिक्टोरिया रोडवर स्वतंत्र तंत्रशिक्षण विद्यालय बांधावे लागले. १९०० मध्ये टेकडीवरचे जुने स्विंडन आणि खालचे नवे स्विंडन मिळून एक नगर झाले, तेव्हा त्याचे पहिले महापौर झाले जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड, म्हणजे कारखान्यातलेच वरिष्ठ अभियंते आणि पुढे ब्रिटिश इंजिनरचनेला नवे वळण देणारे गृहस्थ. नगराचा कारभार आणि कारखान्याचे जीवन किती एकरूप होते, हे यावरून कळते.

त्याच वस्तीत १८४७ मध्ये कामगारांचा वैद्यकीय निधी स्थापन झाला होता. प्रत्येकाच्या पगारातून ठरावीक रक्कम कापली जाई आणि त्याबदल्यात कुटुंबाला डॉक्टर, औषधे आणि पुढे रुग्णालय, दवाखाना व स्नानगृहे मिळत. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होईपर्यंत, म्हणजे शंभर वर्षे, हा निधी चालला आणि त्या सेवेचा एक पूर्वज म्हणून त्याचा उल्लेख होतो. वैद्यकीय निधी आणि मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन ही एकाच वृत्तीची दोन रूपे होती. थोडे थोडे सगळ्यांनी द्यायचे आणि जे एकट्याला कधीही परवडणार नाही ते सगळ्यांसाठी उभे करायचे, ही ती वृत्ती.

संस्थेने सुरू केलेली सर्वांत लोकप्रिय प्रथा म्हणजे ‘ट्रिप’. १८४९ मध्ये सुमारे ५०० सभासदांना घेऊन एक खास गाडी ऑक्सफर्डला गेली आणि त्यानंतर ही वार्षिक सहल जुलै महिन्याचा अविभाज्य भाग झाली. कारखाना बंद राही, कंपनी मोफत पास देई आणि गाड्या मुख्य स्थानकाऐवजी कारखान्याच्या आवारातल्या रुळांवरून सुटत, कारण एवढी माणसे स्थानकात मावणे शक्य नव्हते. तिथे फलाट नसल्याने स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे शिडीवरून डब्यात चढत. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत या सहलीला जाणाऱ्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली होती, म्हणजे शहराचा मोठा भाग एका सकाळी वेमथ, सेंट आइव्ह्ज किंवा टेन्बीच्या किनाऱ्याकडे रवाना होई. मात्र ही सुट्टी बिनपगारी होती आणि सहलीहून परतल्यानंतरचे दिवस अनेक घरांत चणचणीचे जात. भरपगारी सुट्टी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आली.

१९३० च्या नाताळात लागलेल्या आगीत संस्थेचे नाट्यगृह जळाले. दोन वर्षांच्या आत ते नव्याने बांधले गेले आणि रंगमंचावरचा उंच मनोरा त्याच वेळचा आहे. आज रस्त्यावरून पाहताना जुन्या दगडी कमानींवर तो काहीसा परका वाटतो, पण मला तो पाडू नये असे वाटते. जगभर मंदी असताना एका कामगार संस्थेने आपले नाट्यगृह पुन्हा बांधायला घेतले, याचा तो पुरावा आहे.

मालकी कोणाकडे गेली

ऐन भरभराटीच्या काळात स्विंडनच्या कारखान्यात चौदा हजारांच्या आसपास माणसे काम करत होती. १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६० मध्ये ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन, ‘ईव्हनिंग स्टार’, इथूनच बाहेर पडले. त्यानंतर कारखान्याचा ऱ्हास सुरू झाला.

१९६६ मध्ये शहराच्या नगरपालिकेने कामगार वस्तीतली घरे रेल्वेकडून विकत घेतली, त्यांची दुरुस्ती केली आणि आत आधुनिक सोयी आणल्या. पाडून टाकण्याची भाषा ज्या घरांबद्दल होत होती ती आज सुस्थितीत आहेत आणि त्यांत माणसे राहतात. संस्थेची इमारत मात्र रेल्वेच्याच हाती राहिली, कारण ती तेव्हा रेल्वे कर्मचाऱ्यांच्या करमणुकीची जागा म्हणून वापरात होती आणि तिला वेगळ्या पालकाची गरज आहे असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. या प्रकरणातला निर्णायक क्षण मला हाच वाटतो. एकाच चौकातल्या घरांना आणि सभागृहाला त्या एका व्यवहाराने दोन वेगळी भवितव्ये दिली.

मार्च १९८६ मध्ये कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षी संस्थाही. सभासद होते ते बेकार झाले, वर्गणी थांबली, आणि जमीन व इमारत ज्या रेल्वेच्या नावावर होती तिच्या दृष्टीने ती आता एक निरुपयोगी मालमत्ता होती. सव्वाशेहून अधिक वर्षे ज्यांच्या वर्गणीवर ही वास्तू चालली त्यांना तिच्या विक्रीबद्दल बोलण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार नव्हता. पुढे ती खासगी हातांत गेली आणि २००३ मध्ये एका मालमत्ता विकास कंपनीने ती घेतली. हॉटेल आणि सदनिका असे बेत पुढे आले, पण कोणताही बेत बांधकामापर्यंत पोहोचला नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी इमारतीचे अर्थकारण पाहावे लागते. एवढी मोठी, इतकी खराब झालेली आणि बदलांवर कडक निर्बंध असलेली वास्तू दुरुस्त करण्याचा खर्च दुरुस्तीनंतर तिला येणाऱ्या बाजारभावापेक्षा जास्त असतो. ही तूट कोणीतरी अनुदान देऊन भरल्याशिवाय खासगी विकासकाचे गणित जुळत नाही, आणि खासगी मालकाला सार्वजनिक निधीतून मोठे अनुदान मिळत नाही. करव्यवस्थाही उलट्या दिशेने जाते. ब्रिटनमध्ये नवे घर बांधण्यावर मूल्यवर्धित कर शून्य आहे, पण जुन्या इमारतीच्या डागडुजीवर तो २० टक्के आहे. सूचीतल्या इमारतींमधल्या मंजूर फेरबदलांना असलेली सवलत २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. अशा स्थितीत मालकाने काहीच न करणे हा त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. दर हिवाळ्यात तूट वाढत जाते आणि पुढच्या योजनेची शक्यता आणखी कमी होते.

कायदा कुठे थांबतो

सूचीबद्ध इमारतींविषयीचा १९९० चा कायदा वाचला तर स्थानिक प्रशासनाला पुरेसे अधिकार दिलेले दिसतात. कलम ५४ नुसार रिकाम्या इमारतीची तातडीची कामे, म्हणजे छतावर आच्छादन घालणे, भिंतींना टेकू देणे, पाणी आत येण्याचे मार्ग बंद करणे, ही प्रशासन मालकाला सात दिवसांची सूचना देऊन स्वतः करू शकते आणि कलम ५५ नुसार तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. कलम ४८ नुसार पूर्ण दुरुस्तीची नोटीस देता येते. दोन महिन्यांत मालकाने योग्य पावले उचलली नाहीत तर कलम ४७ खाली इमारतीचे सक्तीने संपादन करता येते. आणि मालकाने जागेचा पुनर्विकास करता यावा म्हणून मुद्दाम इमारत पडू दिली असे सिद्ध झाले, तर कलम ५० नुसार संपादनाच्या वेळी त्याला किमान भरपाईच देण्याची तरतूदही आहे.

स्विंडनच्या नगरपालिकेने इमारतीवर तातडीची कामे करून घेतली, पण संपादनाचे पाऊल अवघड ठरले. ही तिची ढिलाई आहे असे म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. संपादन केल्याबरोबर ती सारी तूट नगरपालिकेच्या डोक्यावर येते, आणि स्थानिक प्रशासनांचे अंदाजपत्रक गेली अनेक वर्षे वृद्धांची निगा, बालकल्याण आणि शाळा यांतच संपून जाते. कायद्याने अधिकार दिला, पैसा दिला नाही. मालक न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाऊन आपण वाजवी पावले उचलत आहोत असे सांगू शकतो, नवा आराखडा सादर करू शकतो, आणि प्रत्येक नव्या आराखड्यासोबत आशाही वाढते आणि मुदतही.

यावरचा प्रस्थापित तोडगा असा आहे की नगरपालिकेने एका हाताने संपादन करावे आणि आधीच ठरलेल्या करारानुसार त्याच दिवशी दुसऱ्या हाताने इमारत एखाद्या संवर्धन न्यासाकडे सोपवावी. न्यासाला लॉटरीच्या वारसा निधीतून आणि इतर धर्मादाय संस्थांकडून अनुदान मिळू शकते. स्विंडनमध्ये यासाठी लागणारे माणसांचे बळ आहे. १९९५ पासून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन न्यास हे नागरिकांचे मंडळ काम करत आले आहे आणि वैद्यकीय निधीच्या जुन्या रुग्णालयाची इमारत त्याने समाजकेंद्र म्हणून चालवून दाखवली आहे. वस्तीच्या पुनरुज्जीवनासाठी २०१९ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा-जतनाच्या सरकारी संस्थेच्या सहभागाने वारसा कृतिक्षेत्रही जाहीर झाले.

त्याच चौकातल्या इतर इमारती

एम्लिन स्क्वेअरला लागूनच ‘बॅरॅक्स’ म्हणून ओळखली जाणारी दुसरी मोठी दगडी इमारत आहे. ती अविवाहित कामगारांच्या वसतिगृहासाठी बांधली गेली, पण कामगारांना तिथली शिस्त आवडली नाही आणि ते कुटुंबांत भाडेकरू म्हणून राहणे पसंत करू लागले. मग १८६९ मध्ये ती वेस्लीपंथीय ख्रिश्चनांचे प्रार्थनामंदिर झाली, १९६२ मध्ये रेल्वेचे संग्रहालय झाली, आणि संग्रहालय मोठ्या जागेत गेल्यानंतर तरुणांसाठीचे संगीत केंद्र झाली. तिचे बांधकाम संस्थेच्या इमारतीइतकेच जुने आहे आणि तिचा मूळ हेतू तर आरंभीच फसला होता. तरीही ती वापरात राहिली. प्रत्येक वेळी जुना उपयोग संपताना नवा वापरकर्ता शोधण्याची जबाबदारी असलेला, नफ्याच्या अपेक्षेने वाट पाहत न बसणारा पालक तिला होता.

कारखान्याच्या आवाराचेही तसेच झाले. एका भागात १९९७ मध्ये विक्रीकेंद्र उघडले, दुसऱ्यात २००० साली ‘स्टीम’ हे रेल्वे संग्रहालय आले. इंग्लंडच्या ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रांचा आणि नोंदींचा राष्ट्रीय संग्रह १९९४ पासून याच आवारात आहे. नॅशनल ट्रस्ट या ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या वारसा न्यासाचे मुख्यालय २००५ मध्ये इथे आले. जुन्या डबे-कारखान्यात रॉयल ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीची सांस्कृतिक वारसा शिकवणारी संस्था २०२१ पासून भरते. वास्तूंच्या जतनाचे एवढे ज्ञान एका ठिकाणी एकवटलेले शहर इंग्लंडमध्ये क्वचितच असेल, आणि त्या ज्ञानाच्या अगदी शेजारी ही इमारत गळत राहिली, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. ज्ञान कमी पडले नाही. ते वापरण्यासाठी ज्या दारातून आत जायचे त्याची किल्ली योग्य हातात नव्हती.

टेकडीवरच्या जुन्या बाजारगावातही हीच कहाणी घडली. तिथले नगरभवन आणि त्याला जोडून १८६६ मध्ये बांधलेला धान्यबाजार पुढे नृत्यगृह म्हणून गाजला, मग रिकामा पडला आणि २००३-०४ मधल्या आगींत त्याचे अवशेष उरले. दोन स्विंडनांची दोन सार्वजनिक सभागृहे एकाच काळात अशी हातची गेली.

मुंबईतली बहीण

मराठी वाचकाला या चळवळीचा एक जिवंत नमुना काळा घोडा परिसरात पाहता येतो. मुंबईची सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण यंत्रज्ञांनी १८४७ मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन काढली. स्विंडनची संस्था त्या वेळी तीन वर्षांची होती. पुढे डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८७० मध्ये तिची स्वतःची इमारत पूर्ण झाली आणि आज ती डेव्हिड ससून ग्रंथालय व वाचनकक्ष म्हणून ओळखली जाते. मालाडच्या पिवळसर दगडाची ही इमारतही जुनी झाली, तिलाही मोठ्या दुरुस्तीची गरज भासली आणि अलीकडे ती दुरुस्ती झाली. पण तिथे वाचन थांबले नाही. ज्या टांकसाळीच्या आणि गोदीच्या माणसांनी ती सुरू केली त्यांच्यापासून ती फार पूर्वीच स्वतंत्र झाली होती, तिचे सभासद शहरभरातून येऊ लागले होते आणि सभासदत्व व वास्तू यांची गाठ सुटली नाही. स्विंडनमध्ये ही गाठ एकाच कारखान्याला बांधलेली होती, त्यामुळे कारखान्याबरोबर ती सुटली.

पुढच्या योजनेबद्दल

आजवरच्या बहुतेक योजनांमध्ये एक समान दोष दिसतो. प्रत्येकीने इमारतीला एकच मोठा उपयोग आणि एकच मोठा गुंतवणूकदार शोधला. मूळ आराखडा तसा नव्हता. त्यात बाजार होता, वाचनकक्ष होता, खाण्यापिण्याची जागा होती, सभागृह होते, आणि यांपैकी काही भाग दुसऱ्या भागांचा खर्च वाहत होते. पुन्हा त्याच पद्धतीने विचार केला तर उत्तरेकडचा १८५५ चा भाग, बिनियन यांचा दक्षिण भाग आणि १९३० नंतरचे नाट्यगृह यांच्याकडे तीन स्वतंत्र टप्पे म्हणून पाहता येईल. सर्वांत कमी बिघडलेला टप्पा आधी दुरुस्त करून तिथे लहान कार्यशाळा, गाळे आणि उपाहारगृह यांना जागा द्यावी, त्या भाड्यावर इमारतीचे दैनंदिन रक्षण चालवावे, आणि नाट्यगृहासाठी निधी जमेपर्यंत त्याचे छत तात्पुरत्या आच्छादनाने कोरडे ठेवावे. पूर्ण दुरुस्तीचा निधी जमल्याशिवाय काहीच न करण्याच्या धोरणाने चार दशके खाल्ली आहेत, तर कोरडे छत कोणत्याही जुन्या इमारतीला आणखी वीस वर्षे सहज मिळवून देते.

यासाठी मालकी न्यासाकडे येणे ही पहिली अट आहे, आणि न्यासाच्या घटनेत दोन कलमे असावीत असे मला वाटते. इमारत विकण्याचा निर्णय सभासदांच्या मोठ्या बहुमताशिवाय होऊ नये, हे पहिले. दुसरे म्हणजे सभासदत्व माफक वर्गणीत शहरातल्या कोणालाही खुले असावे. स्विंडनमध्ये आज गोव्यातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे आलेली ही माणसे गोदामांत, कारखान्यांत आणि रुग्णालयांत राबतात, त्यांची क्रीडामंडळे आणि उत्सव आहेत, आणि मोठ्या सभागृहाची गरज त्यांनाही आहे. १८४४ मध्ये दूरदूरहून येऊन या सपाटीवर वसलेल्या फिटर-लोहारांची जी गरज होती तीच. सभासदांची पहिली यादी त्यांच्या मंडळांपासून, एम्लिन स्क्वेअरच्या रहिवाशांपासून आणि हयात असलेल्या निवृत्त रेल्वे कामगारांपासून सुरू करता येईल, आणि तिच्यासाठी संपादनाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.